साक्ष हें विश्वासाचें प्रमाण

एखाद्याच्या अंतःकरणांत खरा विश्वास आहे कीं नाहीं, हें कशावरून ओळखावें? मंडळीच्या वहींतील नांवावरून म्हणावें, तर त्या वहींत पुष्कळ नांवें नुसतीं निजलेलीं आहेत. गायनावरून म्हणावें, तर गोड गळा देवानें अविश्वासी जनांसही दिला आहे. पौल मात्र रोमकरांस लिहितांना अंतःकरणाचा विश्वास आणि मुखाची कबुली यांची गांठ घालतो. ही गांठ कां आवश्यक आहे?

मुंबईंत १८४९ सालीं परमहंस सभा स्थापन झाली. देव एक आहे व जातिभेद मनुष्यकृत आहे, असें सभासदांचें मत होतें. ते गुप्तपणें जमत आणि ख्रिस्ती मनुष्याच्या हातचा पाव खाऊन जातिबंधन तोडल्याची खूण पटवीत. परंतु हें सर्व दाराआड चाले. बाहेर जात पाळली जाई. १८६० च्या सुमारास सभासदांचीं नांवें फुटलीं आणि सभा मोडली. हीं माणसें लबाड नव्हतीं. कांहीं जण १८६७ सालीं निघालेल्या प्रार्थना समाजांत उघडपणें आले, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. त्यांचें मत खरेंच होतें. पण तें मतच होतें. मत मनांत कुलूप लावून ठेवितां येतें. विश्वास म्हणजे एका धन्याच्या हातीं आपणांस देणें. आणि धन्याचें नांव लपवून त्याची चाकरी कशी करावी? याच सभेंतील बाबा पदमनजी यांनीं नांवें फुटण्यापूर्वींच, १८५४ सालीं, बेळगांवास बाप्तिस्मा घेतला. त्यांस कोणीं उघडें पाडलें नाहीं. ते स्वतःच उघड झाले.

कोणी म्हणेल, मग भिऊन गप्प राहणारा विश्वासी नव्हेच काय? एवढी घाई करूं नये. निकदेम प्रथम रात्रीं आला. पुढें न्यायसभेंत त्यानें भीत भीत एक प्रश्न विचारला. शेवटीं, शिष्य पांगले असतां, गंधरस व अगरू घेऊन प्रभूच्या प्रेताजवळ उभा राहिला. सासरीं एकटी असलेली एखादी बहीण ओठांतल्या ओठांत प्रार्थना करीत असेल, तर तिला भेकड म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. ही कसोटी शेजाऱ्यास लावण्यासाठीं दिलेली नाहीं. ती ज्यानें त्यानें आपणांस लावावी.

उपदेशक बंधूंनीं तर ती अधिक कडकपणें लावावी. आपणांस बोलण्याचा पगार मिळतो. म्हणून व्यासपीठावरचें आपलें बोलणें हें आपल्या विश्वासाचें प्रमाण धरतां येत नाहीं. बाजारांत सावकारानें भावाच्या जमिनीच्या कागदावर खोटी साक्ष घालावयास सांगितली आणि आपलेंही देणें त्याच्याकडे आहे, त्या वेळीं आपण ख्रिस्ताचे आहों असें सांगून हात मागें घेतला, तर तें प्रमाण. जेथें गप्प राहणें फायद्याचें असतें, तेथेंच साक्षीची किंमत कळते.

आणि आम्ही अडाणी, आम्हांस काय बोलतां येणार, असें कोणी म्हणूं नये. योहानाच्या नवव्या अध्यायांतील जन्मांध भिकाऱ्यास शास्त्रार्थ येत नव्हता. त्याचे आईबाप बहिष्काराच्या भयानें मुलाकडे बोट दाखवून बाजूस झाले. तो मात्र विद्वानांपुढें आपल्या डोळ्यांस जें घडलें तेवढेंच सांगत राहिला. तेव्हां त्यांनीं त्यास बाहेर हांकून दिलें. हें ऐकून येशू त्याला शोधीत आला.