कोणाच्या हातचा खाऊ?



आगमनकाळ जवळ आला की आम्हा धर्मशिक्षणाच्या शिक्षकांची एक बैठक ठरलेली असते. विषयही ठरलेला : नाताळात मुलांना खाऊ काय द्यायचा? यंदा पाच मिनिटांतच निकाल लागत होता. कोणीतरी म्हणाले, "पाकीटबंदच देऊ, सुरक्षित असते." सगळ्यांनी माना हलवल्या. मग आमच्यातल्याच एका बाईंनी विचारले, "सुरक्षित, पण कोणापासून?" "कशापासून" असे त्यांनी विचारले असते तर उत्तर सोपे होते. बैठक तिथेच अडली.

त्यांच्या मनात २०२० सालचा नाताळ होता, आणि मग आम्हा सर्वांच्याच मनात तो आला. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, लोकल थांबल्या, तारापूर एमआयडीसीतले किती कामगार गावाकडे निघाले. १६ नोव्हेंबरला प्रार्थनास्थळे उघडायची परवानगी मिळाली. नाताळासाठी चर्चमध्ये पन्नासच माणसांची मर्यादा होती, आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी व साठीपुढच्यांनी घराबाहेर पडणे टाळावे, असे शासनाने सुचवले होते. मुलांनी गोठा पाहायला यायचे नाही, तर निदान खाऊ तरी घरी पोचवू, असे आम्ही ठरवले. जगभर हाच पेच होता. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला, सर्व संतांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, मुले दारोदार खाऊ मागत फिरतात. त्या वर्षी तिथल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने तसे फिरणे धोक्याचे ठरवले. त्यापेक्षा एकेका मुलाची वेगळी पुडी करून अंगणाच्या कडेला मांडावी, असे सुचवले होते.

आम्हीही पुड्या केल्या. मास्क लावून, प्रत्येक पाकीट सॅनिटायझरने पुसून. दोन दिवसांनी एका आईचा फोन आला. तिने रागावून नव्हे, काळजीने विचारले, "सर, अडीच वर्षांच्या पोराला ही गोल कडक गोळी आणि अख्खे शेंगदाणे कसे देऊ? घशात अडकले तर?" पाच वर्षांखालच्या मुलांना असल्या वस्तू देऊ नयेत, त्या श्वासनलिकेत अडकतात, हे डॉक्टर नेहमीच सांगत आलेले आहेत. आम्हालाही ते ठाऊक होते. आम्ही पाकीट बाहेरून पुसले होते, आत काय आहे ते पाहिलेच नव्हते.

पुढे एप्रिल २०२१ मध्ये त्याच सीडीसीने सांगितले की, विषाणू लागलेल्या पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. रोग पसरत होता तो मुख्यतः श्वासावाटे, बंद खोलीत जवळ बसून बोलण्याने. म्हणजे मास्क लावला, लांब उभे राहिलो, ते योग्यच केले. वस्तूला मात्र आम्ही नको तितके घाबरलो. इथवर आम्ही स्वतःला माफ करू शकतो. घाईत आणि भीतीत माणूस चुकतो.

पण त्या बाईंनी पुढे जे सांगितले, ते चुकीच्या खात्यात टाकता येईना. त्यांचे नाव आम्ही लिहीत नाही. २०२० च्या दिवाळीत त्यांच्या दारी दोन ताटे आली. एक समोरच्या इमारतीतून, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या कुटुंबाकडून. दुसरे मागच्या चाळीतून, ठेक्यावर काम करणाऱ्या माणसाच्या बायकोने पाठवलेले. दोन्ही घरगुती, दोन्हींत करंज्या आणि चकल्या. मुलांनी पहिले ताट खाल्ले. दुसरे "सध्या नको, बाहेरचे आहे" म्हणून बाजूला ठेवले गेले आणि तिसऱ्या दिवशी टाकून दिले. दोन्ही ताटे बाहेरचीच होती की!

दुकानातल्या सुट्ट्या मिठाईपुढेही ती कधीपर्यंत खावी याची पाटी १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीची झाली. घरच्या करंजीवर तारीख नसते. तिच्यामागे फक्त एक माणूस असतो, आणि निर्णय त्या माणसाकडे पाहून होतो. कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या हातचे नाही, हा प्रश्न महाराष्ट्राने साथीच्या आधी शतकानुशतके विचारला आहे. त्याची उत्तरे काय असत, हेही आपल्याला माहीत आहे. ख्रिस्ती झालो म्हणून तो प्रश्न आपल्या दाराबाहेर राहिला, असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. साथीने त्याला एक स्वच्छ, डॉक्टरी शब्द दिला.

यावर आमच्यातच वाद झाला. एकाच्या घरी तेव्हा मधुमेही वडील होते. त्यांचे म्हणणे, "मी सगळ्यांचेच नाकारले. मुलाबाळांच्या, म्हाताऱ्यांच्या जिवापुढे शेजारधर्म दुय्यम." त्यांचे खरे आहे. सगळ्यांना एकच नियम लावून नाकारणे ही सावधगिरी आहे, आणि तिच्यात कोणाचा अपमान नाही. आम्हाला टोचते ते दोन ताटांमधले अंतर. आणि आणखी एक गोष्ट : चर्च उघडल्यावर आम्ही वेदीपुढे रांगेत उभे राहिलो आणि धर्मगुरूंच्या हातून ख्रिस्तशरीर आपल्या तळहातावर घेतले. तिथे कोणाचा हात कचरला नाही.

ताट रिकामे परत करू नये, अशी आपल्याकडची रीत. त्या बाईंनी ती पाळली. चाळीतले ताट घासून, पुसून, वर चॉकलेटचे एक पाकीट ठेवून परत पाठवले. फराळ कसा झाला होता, असे त्या शेजारणीने जिन्यात विचारले तेव्हा त्या "छान" म्हणाल्या. चॉकलेट तिच्या मुलांनी त्याच दिवशी खाल्ले. फराळाचे काय झाले हे तिला कळले की नाही, ते माहीत नाही. पण त्यानंतर चाळीतून ताट आलेले नाही.

बैठकीत शेवटी ठरले ते एवढे : लहानांच्या पुडीत गोळ्या-शेंगदाणे नाहीत, ज्यांच्या मुलांना काही पदार्थ सोसत नाहीत त्यांनी आधी सांगावे, आणि यंदा कुलकुल घरीच करायचे, शनिवारी दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून. ज्यांना वळायला यायचे असेल त्यांनी यावे, पीठ भरपूर आहे. आमच्या त्या बाई पहिला डबा भरून मागच्या चाळीत जाणार आहेत. तो तिथे घेतला जाईल की नाही, त्यांना ठाऊक नाही.