न दिसणे आणि नसणे

एखादी वस्तू नाही हे ज्ञान कोणत्या प्रमाणाने होते, या प्रश्नाचा भारतीय दर्शनांनी काटेकोर विचार केला आहे. कुमारिल भट्टांच्या मीमांसा-परंपरेने 'अनुपलब्धी', म्हणजे वस्तू न आढळणे, हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले, तर नैयायिकांनी हे ज्ञान प्रत्यक्षातच अंतर्भूत केले. योग्यतेची अट मात्र दोघांनाही मान्य होती. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच तिचे न दिसणे हा पुरावा ठरतो. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही, तर तो नाही असे म्हणता येते. अंधारात तसे म्हणता येत नाही.

दुर्मीळ वटवाघळाची संवर्धनस्थिती ठरवताना ही अट कळीची ठरते. रॉटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळाचे मोठे कान कपाळावर एकमेकांना जुळून पुढे झुकलेले असतात आणि त्याची शेपटी पायांमधल्या पडद्याबाहेर मोकळी राहते. 1913 मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि त्यानंतर कित्येक दशके बेळगाव जिल्ह्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहा हेच त्याचे एकमेव ज्ञात वसतिस्थान होते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ते 'अतिसंकटग्रस्त' गणले गेले. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ते आढळले, आणि 2008 मध्ये त्याची नोंद 'अपुरी माहिती' या वर्गात झाली. हा प्राणी दिवसा गुहेतल्या कपारींत दडतो, रात्री उडतो आणि मुख्यतः ध्वनीच्या आधारे वावरतो. म्हणून जेथे तो दिसला नाही तेथे तो नाही, असे म्हणण्याइतकी योग्यता डोळ्यांच्या पाहणीला नसते. ध्वनिमापक यंत्रे ही योग्यता वाढवतात, पण पूर्ण करत नाहीत.

अयोग्य अनुपलब्धीतून अभाव नव्हे, तर संशय सिद्ध होतो, असे बौद्ध तार्किक धर्मकीर्तीचेही मत आहे. न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचारविषयांत, संशयाला स्थान मिळाले, कारण निर्णयाचा शोध तेथूनच सुरू होतो. 'अपुरी माहिती' हा वर्गही अशाच संशयाची नोंद आहे. तो सुरक्षिततेचा दाखला नव्हे आणि विनाशाचे भाकीतही नव्हे. चुकून दिलेले संरक्षण मागे घेता येते, नष्ट झालेली जात परत आणता येत नाही. म्हणून शोध चालू असेपर्यंत ज्ञात गुहा अबाधित राखणे हे कर्तव्य ठरते. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या वटवाघळाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले, ते तर्काच्या कसोटीवरही योग्यच आहे.