निवृत्तिवेतन : ऋण की आधार?

निवृत्तिवेतन हे दान आहे, ऋण आहे की आधार, हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसला तरी मुळात तो न्यायाच्या स्वरूपाविषयीचा आहे. डी. एस. नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी दानाची कल्पना निकालात काढली आणि निवृत्तिवेतन हे केलेल्या सेवेचे मोल, तसेच सामाजिक न्यायाचे साधन, असे दुहेरी ठरवले. मात्र ही दोन तत्त्वे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. ऋणाचे तत्त्व प्रमाण पाहते, म्हणजे ज्याने जितके दिले तितके त्याचे. आधाराचे तत्त्व गरज पाहते.

'ईपीएस-९५', म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेली कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, हिच्या पेन्शनरांमधील फूट नेमकी या ठिकाणी आहे. मालकाचा ८.३३ टक्के वाटा योजनेने ठरवलेल्या वेतनमर्यादेऐवजी प्रत्यक्ष पगारावर धरून वाढीव पेन्शन मिळावी, असे म्हणणारे न्यायालयात गेले. २०१४ साली दरमहा १००० रुपये ठरलेली किमान पेन्शन ७५०० रुपये व महागाई भत्ता अशी व्हावी, असे म्हणणारे बुलढाण्यात साखळी उपोषणाला बसले. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालाने, १ सप्टेंबर २०१४ पूर्वी वाढीव पेन्शनचा पर्याय न निवडता निवृत्त झालेल्यांना तिच्यातून वगळल्यामुळे पहिल्या गटातही दोन भाग पडले.

या पेचात धर्मशास्त्रातील ऋणत्रयाची, म्हणजे देव, ऋषी व पितर यांच्या जन्मजात ऋणांची कल्पना उपयोगी पडते. ऋषींचे ऋण अध्ययनाने आणि पितरांचे संततीने फिटते. म्हणजे फेड धनकोच्या हाती परत न जाता पुढच्या पिढीकडे जाते आणि तिचे मोजमाप रुपया-आण्यांत होत नाही. या योजनेचा निधीही सामाईक आहे, त्यात कोणाचे वैयक्तिक खाते नाही, आणि म्हणून 'माझे पैसे मला द्या' ही घोषणा भावनेने कितीही रास्त असली तरी योजनेच्या रचनेत बसत नाही. ऋण येथे आहे, पण ते सर्वांचे सर्वांवर आहे. वाढीव पेन्शन आणि किमान पेन्शन या दोन्ही मागण्यांचा भार अखेर त्याच निधीवर आणि केंद्र सरकारच्या मदतीवर येत असल्यामुळे, पेन्शनरांच्या संघटनांचे ऐक्य संयुक्त निवेदनावरील सह्यांनी सिद्ध होत नाही; निधी अपुरा पडला तर आधी कोणाचे, हा अप्रिय क्रम त्यांना केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या दारात जाण्यापूर्वी आपसांत ठरवावा लागतो.