आमच्या मागें ह्याचें कसें?

(शास्त्रपाठ : २ शमुवेल, अध्याय ९. त्यासोबत १६ : १-४ व १९ : २४-३० हे भागही वाचावे.)



बुलढाणा जिल्ह्यांतील गांव घाटावरचें चिखली-मेहकराकडील असो, कीं घाटाखालचें मलकापूर-नांदुऱ्याकडील असो, तेथें असें एखादें घर बहुधा आढळतेंच, कीं ज्यांत वयानें वाढलेला पण बुद्धीनें लहान राहिलेला मुलगा किंवा मुलगी आहे. अशांस लोक पूर्वीं मतिमंद म्हणत. आज कायदा त्यांस बौद्धिक दिव्यांग म्हणतो. कांहींस स्वमग्नता असते, कांहींस सेरेब्रल पाल्सी असते. मूल लहान असतें तोंवर त्यास कडेवर घेतां येतें आणि शेजारीपाजारीही त्याचें कौतुक करितात. पण त्यास मिसरूड फुटूं लागतें, बापाची पाठ वाकूं लागते, तेव्हां आईबापांस रात्रीं एकच प्रश्न झोंपूं देत नाहीं : आमच्या मागें ह्याचें कसें? आज आपण ह्याच प्रश्नाचा शास्त्राच्या उजेडांत विचार करूं.

योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पांच वर्षांचा होता. शौल व योनाथान लढाईंत पडल्याची बातमी आली, तेव्हां दाई त्यास घेऊन पळाली. घाईंत तो पडला आणि दोन्ही पायांनीं कायमचा लंगडा झाला. त्यानंतर शास्त्र त्याजविषयीं बराच काळ कांहींच बोलत नाहीं. पुढें तो आपणांस भेटतो तो मोठा माणूस म्हणून. त्यास मीखा नांवाचा एक लहान मुलगाही आहे. पण तो राहतो लोदबार नांवाच्या गांवीं, माखीर नांवाच्या माणसाच्या आश्रयास. आजा राजा होता, तरी आजाच्या जमिनीचें पीक नातवाच्या घरीं येत नव्हतें. मग एके दिवशीं दावीद राजास योनाथानाशीं केलेला करार आठवला, आणि त्या घराण्यांतील कोणी जिवंत आहे काय, ह्याची त्यानें आपण होऊन चौकशी केली.

मफीबोशेथाचें व्यंग पायांचें होतें, बुद्धीचें नव्हतें. म्हणून हा दाखला प्रत्येक बाबतींत लागू पडणार नाहीं. परंतु एक गोष्ट उघड आहे. लहानपणीं त्यास उचलून पळणारी दाई होती. मोठेपणीं दाई पुरत नाहीं. मोठ्या माणसास दुसऱ्याच प्रकारचें साह्य लागतें, आणि तें देण्यासाठीं कोणीतरी त्याचा शोध घ्यावा लागतो.

आमच्या मुलांचा लोदबार वयाच्या १८ व्या वर्षीं सुरू होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें ज्यांस ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व आहे अशा मुलांस ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण १८ वर्षें पुरीं झालीं कीं तो हक्क संपतो, आणि कालपर्यंत रोज डबा घेऊन जाणारा मुलगा ओट्यावर बसून राहतो. जें शिकला तेंही महिन्यामहिन्यानें विसरत जातो. दुसरी गोष्ट पुष्कळांस ठाऊकच नसते. मूल सज्ञान झालें कीं आईबापही कायद्यानें त्याचे आपोआप पालक राहत नाहींत. आईची सही जन्मभर चालेल असें नाहीं.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर यांनीं टाकून दिलेल्या शंभराहून अधिक दिव्यांग मुलांस आपलें नांव देऊन वाढविलें. त्या मुलांच्या हातांनीं तेथील माळावर झाडें लागलीं. २०२४ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. परंतु त्यांनीं वर्षानुवर्षें सरकारापुढें मांडलेलें गाऱ्हाणें हेंच, कीं १८ वर्षें झालीं म्हणून बेवारस दिव्यांग मुलांस बालगृहांतून बाहेर काढूं नये. त्यांचें पुनर्वसन आजन्म असावें. वयाचा आंकडा बदलतो, पण त्या जिवाची गरज एका रात्रींत बदलत नाहीं.

पूर्वीं हा प्रश्न एवढा मोठा नव्हता, कारण अशीं मुलें फार जगत नसत. डाऊन सिंड्रोम असलेल्यांचें सरासरी आयुष्य पाश्चात्य देशांत १९४० च्या सुमारास १२ वर्षांच्या आसपास होतें. आज तें ६० च्या आसपास आहे. ही देवाची कृपाच होय. पण तिचा अर्थ असा, कीं आज पुष्कळ लेंकरें आईबापांच्या मागें वीस-तीस वर्षें जगतील. त्या वर्षांची तजवीज कोणी करावयाची?

आतां दावीदानें काय केलें तें पाहूं. प्रथम त्यानें मफीबोशेथास नांवानें हांक मारिली. "तो लंगडा" असें म्हटलें नाहीं. आमच्या गांवांत किती तरुणांचीं खरीं नांवें लोक विसरून गेले आहेत आणि "वेडा", "खुळी" हींच नांवें उरलीं आहेत! मंडळीनें ही सवय आजच सोडावी. मग राजानें त्यास तीन गोष्टी दिल्या : जमीन, हात आणि मेजावर जागा.

जमीन म्हणजे त्याचा हक्क. बाप वारला कीं वारस-नोंद होते, आणि फेरफार करितांना "त्यास काय कळतें" म्हणून त्याचें नांव गाळण्याचा मोह भावांस होतो. बुद्धि कमी म्हणून वारसा बुडत नाहीं, हें सर्वांनीं लक्षांत ठेवावें. ज्यांस जमीन नाहीं त्यांचाही हक्क आहे. लहानपणीं काढलेल्या दाखल्यावर विसंबूं नये. १८ व्या वर्षीं पुन्हा तपासणी करून दिव्यांगत्वाचा दाखला व यूडीआयडी ओळखपत्र घ्यावें. संजय गांधी निराधार अनुदानाचा अर्ज तहसील कचेरींत करावा. निरामय योजनेंत अशा व्यक्तींसाठीं वर्षास एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य-विमा आहे. ग्रामपंचायतीनें आपल्या उत्पन्नांतील ५ टक्के दिव्यांगांसाठीं खर्च करावे असा शासनाचा नियम आहे. ग्रामसभेंत उभें राहून त्याचा हिशेब विचारण्यास लाजूं नये.

हात म्हणजे सीबा, त्याचे पंधरा मुलगे आणि वीस चाकर. मफीबोशेथास नांगर धरतां येत नव्हता, म्हणून राजानें त्याची जमीन कसणारे हात नेमून दिले. जें होत नाहीं त्यास साह्य द्यावें, पण जें होतें तें त्याच्या हातून काढून घेऊं नये. सोयाबीन वाळत घालणें, तूर पाखडणें, शेळ्यांस चारापाणी करणें, हीं कामें पुष्कळांस शिकवितां येतात. युक्ति एवढीच कीं काम लहान लहान पायऱ्यांत तोडावें, एका वेळीं एकच पायरी शिकवावी आणि रोज त्याच वेळीं करून घ्यावी. हें शिक्षण चौदाव्या वर्षापासूनच सुरू करावें. स्वतः आंघोळ करणें, कपडे घालणें, नाणीं-नोटा ओळखणें, मुलींनीं मासिक पाळींत स्वच्छता राखणें, आणि कोणी वाईट हेतूनें अंगास हात लाविला तर ओरडून सांगणें, हेंही त्यांत आलें. आई सर्व कांहीं आपल्या हातानें करिते तें प्रीतीनें करिते. परंतु तिचे हात थकतील त्या दिवशीं लेंकरूं अगदींच निराधार होईल.

कित्येक जण म्हणतात, लग्न करून द्या, म्हणजे सुधारेल. बंधूंनो, लग्न हें औषध नव्हे. ज्यास किंवा जिला लग्नाचा अर्थच कळत नाहीं, तिच्या किंवा त्याच्या गळ्यांत दुसऱ्या जिवास फसवून बांधणें हा दोघांवर अन्याय आहे.

आतां ह्या कथेचा कडू भाग. पुढें अबशालोमाच्या बंडांत दावीद पळून जात असतां हाच सीबा गाढवांवर शिधा लादून त्यास भेटला, धन्याविषयीं खोटें बोलला आणि सारी जमीन आपल्या नांवें करून घेतली. मफीबोशेथ लंगडा असल्यामुळें आपली बाजू मांडावयास वेळेवर जाऊं शकला नाहीं. ज्याच्या हातीं दुर्बलाचा कारभार असतो त्यास ही परीक्षा येतेच. म्हणून १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें मार्ग आंखून दिला आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं स्थानिक स्तर समिति असते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठीं ती पालक नेमते. आईबाप, नातलग किंवा नोंदणी झालेली संस्था अर्ज करूं शकते. पालकानें ६ महिन्यांच्या आंत मालमत्तेची यादी द्यावयाची आणि प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशेब द्यावयाचा असतो. त्यानें हयगय किंवा अफरातफर केली तर त्यास काढून टाकण्यासाठीं अर्ज करितां येतो. सीबावर असा हिशेब मागणारा कोणी असता तर! आणखी हेंही जाणावें, कीं पालक हा धनी नव्हे. २०१६ च्या कायद्याचा रोख असा आहे, कीं निर्णय त्या व्यक्तीशीं मिळून, तिची इच्छा समजून घेऊन करावा.

शेवटीं मेजावर जागा. राजानें मफीबोशेथास नुसता शिधा पाठविला नाहीं. आपल्या मुलांप्रमाणें त्यास नित्य मेजावर बसविलें. अन्न लोदबारासही पोंचलें असतें, परंतु संगति पोंचली नसती. आमच्यांतील असा तरुण रविवारीं उपासनेस येतो काय? कीं तो गडबड करील म्हणून त्यास घरीं ठेवून आईही घरींच राहते? त्यास चटया अंथरण्याचें, गीतांचीं पुस्तकें वाटण्याचें काम द्या. तो मध्येंच ओरडला तर देव रागावत नाहीं. मंडळीनेंही रागावूं नये.

आणि माखीरास विसरूं नका. राजा येण्याआधीं कित्येक वर्षें, कोणी न सांगतां, त्यानें त्या लंगड्यास घरांत ठेविलें. असे माखीर आपल्या खेड्यांत अनेक आहेत : विधवा आई, थोरली बहीण, म्हातारा चुलता. त्यांस उपदेश नको, जोड हवी. म्हणून प्रत्येक मंडळीच्या उपदेशकांनीं व वडीलजनांनीं ह्याच महिन्यांत अशा मुलामुलींचीं नांवें व वयें लिहून काढावीं. ज्यांस १८ वर्षें होण्यास दोन-तीन वर्षें उरलीं आहेत त्यांच्या घरीं आधीं जावें. तपासणीसाठीं आणि समितीच्या अर्जासाठीं बुलढाण्यास जातांना कोणीतरी शिकलेला मनुष्य सोबत द्यावा. आणि अशा प्रत्येक घरासाठीं मंडळींतील दोन कुटुंबांनीं शब्द द्यावा, कीं तुमच्या मागें आम्ही त्याची खबर घेऊं आणि त्याचा हिशेब विचारूं.

दावीदानें मेलेल्या मित्राच्या कराराकरितां एवढें केलें. आपण तर जिवंत शेजाऱ्यांच्या मध्यें राहतों. त्या घरांतील आईबापांनीं शेवटचे डोळे मिटतांना निर्धास्तपणें मिटावे, असें वागण्याची बुद्धि व बळ देव आपणां सर्वांस देवो.