बाटलीत उरलेलं दूध

अन्न टाकू नये, हे मी आईच्या हाताखाली शिकले आणि पुढे मुलांनाही शिकवलं. म्हणूनच नातवाच्या बाटलीत उरलेलं दूध मी मोरीत ओतलं तेव्हा वन्सं कळवळल्या. "अगं वहिनी, दूध असं ओततात का? तासा-दीड तासात रडेल पुन्हा, तेव्हा दे की." त्यांचा जीव खरोखर तुटला होता, आणि त्यांचा प्रश्नही खरा होता. अन्नाला ब्रह्म मानणाऱ्या घरात, डोळ्यांना चांगलं दिसणारं दूध टाकायचं कसं?

बाळंतपणानंतर सुनेला मोठं दुखणं आलं, म्हणून डॉक्टरांनी डब्यातल्या पावडरचं दूध लिहून दिलं. आईच्या दुधाची सर कशालाच नाही. आपल्याकडे तर १९९२च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवरच बंदी आहे. पण काही घरांत बाटली येतेच, आणि आली की ती निगुतीने सांभाळावी लागते.

बाटलीचं टोपण काढून उजेडात धरून पाहा. आट्यांमध्ये साय वाळावी तसा पांढरट चिकट थर धरलेला असतो, निपलच्या आतल्या कडेलाही असतो. म्हणून सगळे भाग सुटे करायचे, हात धुऊन, साबणाच्या पाण्यात, फक्त बाटलीसाठी ठेवलेल्या ब्रशने घासायचे. मग पातेल्यात पूर्ण बुडवून खळखळत्या पाण्यात पाच मिनिटं उकळायचे आणि आपोआप वाळू द्यायचे. पदराने पुसायचे नाहीत. पदर दिवसभर कुठे कुठे लागलेला असतो. पावडरीतही जंतू असू शकतात, त्यामुळे ती उकळून थोड्या निवलेल्या, पण ७० अंशांखाली न गेलेल्या पाण्यात कालवायची, मग बाटली गार पाण्यात धरायची आणि मनगटावर थेंब टाकून पाहायचा.

एवढं करूनही बाळाने तोंड लावलं की त्याची लाळ दुधात उतरते. पिणं सुरू झाल्यापासून तासाभरात ते संपलं नाही, तर टाकायचं. न उष्टावलेलंही बाहेर दोन तासांपलीकडे ठेवायचं नाही. लहान मुलाचं उष्टं आपण उष्टं मानत नाही. ती माया मला मोलाची वाटते, पण कोमट दुधात जंतू वाढायचे ते वाढतातच, आणि तान्ह्याला जुलाब लागले की ते बघता बघता सुकतं.

तैत्तिरीय उपनिषदात भृगू आपल्या वडिलांना, वरुणाला, ब्रह्म म्हणजे काय ते विचारतो. तप केल्यावर त्याला पहिल्यांदा उमगतं की अन्न हेच ब्रह्म, कारण जीव अन्नातून जन्मतात आणि अन्नावर जगतात. अन्नाची निंदा करू नये, हे व्रतही तिथेच सांगितलं आहे. पण भृगू तेवढ्यावर थांबत नाही. तो पुन्हा वडिलांकडे जातो, पुन्हा तप करतो, आणि त्याला दिसतो तो प्राण. मी वन्संना हेच सांगितलं. अन्नाचा मान आहे तो जीव जगवतं म्हणून. जे दूध बाळाच्या जिवावर उठू शकतं, ते जपून ठेवण्यात अन्नाचा कसला मान?

दोष शोधायचाच तर तो अंदाज न घेता बाटली काठोकाठ भरण्यात आहे. तो मात्र टाळता येतो. तुमच्या घरी बाटली चालू असेल तर बाळ एका वेळी किती पितं ते बघा आणि तेवढंच करा. पावडर पुरवायला म्हणून पाणी वाढवू नका, डब्यावरचं माप पाळा. उरलं तर मन घट्ट करून ओता, आणि बाटली वाळायच्या आत घासून टाका.