हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

दान करण्याची हौस मोठी, पण पदरचे काही सोडायची तयारी नाही, अशा माणसासाठी आपल्या वाडवडिलांनी एक झकास म्हण करून ठेवली आहे : हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दानाचा संकल्प सोडताना वस्तूवर तुळशीचे पान ठेवायचे, ही जुनी रीत. हा बहाद्दर पान ठेवतो, पण ते हलवायाच्या घरावर! पुण्य याच्या खात्यावर जमा आणि पेढे मात्र हलवायाचे. दिवाळीत घरोघरी फराळाची ताटे हिंडत असताना ही म्हण आठवणे साहजिक आहे. परंतु अलीकडे मला ती आठवते मोबाइलवरच्या गप्पांमुळे.

या गप्पांसाठी जे प्रोग्रॅम असतात, त्यांना बाहेरच्या कोणी तरी तयार केलेली जोड लावता येते. मूळ साडी एका विणकराची आणि तिला लावलेली जर दुसऱ्या कोणाची, तसा हा प्रकार. मूळ प्रोग्रॅममध्ये नसलेल्या सोयी त्या जोडीमुळे मिळतात. अक्षरांना रंग येतो, आवाज बदलतात, झालेल्या गप्पांची वही राहते. बहुधा हे सारे फुकट असते, आणि ‘फुकट ते पौष्टिक’ हे तर आपल्याला पाळण्यापासून ठाऊक! प्रश्न एवढाच, की या सोयींची किंमत कोण देतो? आणि ती देण्याचा अधिकार त्याला असतो का?

मी काही संगणकाचा तज्ज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना मराठी शिकविणारा आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिणारा मी एक मास्तर. पण माणसे एकमेकांशी काय बोलतात, हा माझ्या दोन्ही व्यवसायांचा विषय आहे. म्हणून या बाबतीत थोडे चौकशीने वाचले. ते सांगितल्यावाचून पुढचा विचार नीट मांडता येणार नाही.

संगणकावरच्या गप्पांचे युग सुरू झाले ते १९९६ साली आलेल्या ‘आयसीक्यू’पासून, असे म्हणायला हरकत नाही. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘एमएसएन मेसेंजर’ आला. त्याला २००१ मध्ये ‘मेसेंजर प्लस’ नावाची जोड मिळाली. ती मायक्रोसॉफ्टची नव्हती. एका बाहेरच्या प्रोग्रॅमरने केलेली होती. तिच्यात रंगीत अक्षरे होती, गप्पांची वही ठेवण्याची सोय होती, आणि साहेब मागे येऊन उभा राहिला तर एका कळीसरशी सगळ्या खिडक्या गुप्त करण्याचीही युक्ती होती! कचेरीत काम करणाऱ्यांना ही शेवटची सोय किती गोड वाटली असेल, हे सांगायला नको. जोड फुकट होती. मात्र ती बसविताना एका पुरस्कर्त्याचा जाहिरातींचा प्रोग्रॅमही बसवू द्याल का, असे विचारले जाई. नको म्हणण्याची मोकळीक होती. पण घाईघाईने ‘हो, हो’ करीत पुढे जाणाऱ्यांच्या संगणकावर जाहिराती येऊन बसत. घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे!

त्याच सुमारास, २००० साली, ‘ट्रिलियन’ नावाचा प्रोग्रॅम अमेरिकेत निघाला. निरनिराळ्या कंपन्यांच्या गप्पा एकाच खिडकीत आणून देणे हे त्याचे काम. २००२ मध्ये त्याची एक वाढीव आवृत्ती पंचवीस डॉलरना विकायला आली. साधी हवी तर फुकट, जास्त सोयी हव्या तर रोख पैसे. व्यवहार चोख.

तिसरी जोड आली २००४ मध्ये. निकिता बोरिसोव्ह, इयन गोल्डबर्ग आणि एरिक ब्रूअर या तीन संशोधकांनी ‘ऑफ द रेकॉर्ड’ नावाची पद्धत मांडली आणि तिची जोड गप्पांच्या प्रोग्रॅमसाठी विनामूल्य खुली केली. दोन माणसे बोलत असताना समोरचा तोच आहे ना, याची खात्री पटावी. मधल्या कोणालाही ते बोलणे वाचता येऊ नये. आणि बोलणे संपल्यावर अमका असे बोलला याचा पुरावा त्या पद्धतीने मागे ठेवू नये, असा तिचा बेत होता. गावच्या पारावर दोघे जण हलक्या आवाजात बोलतात आणि उठून जातात, अगदी तसे. या जोडीत जाहिरात नव्हती, किंमत नव्हती, वाढीव आवृत्तीही नव्हती.

एकाने जाहिरातदाराकडून पैसे घेतले, दुसऱ्याने गिऱ्हाइकाकडून, तिसऱ्यांनी कोणाकडूनच घेतले नाहीत. आता नीतीचा निवाडा सोपा झाला, असे कोणालाही वाटेल. पैसे घेणारा प्रामाणिक, फुकट देणारा लबाड आणि विद्यादान करणारा संत! पण मला हा निवाडा मान्य नाही. जाहिरातीवर पोट भरणे यात मुळात पाप नाही. हा दिवाळी अंक जो आपल्या हाती एवढ्या माफक किमतीत पडला, तो साबणाच्या आणि सोन्याचांदीच्या जाहिरातींच्या पुण्याईने, हे कोणता लेखक नाकारील? ज्याने रात्री जागून जोड तयार केली, त्याच्याही घरी चूल पेटायला हवीच. उलट, पैसे मोजले म्हणजे आपली गुपिते सुरक्षित राहतील, याचीही हमी नाही. व्हॉट्सअॅप काही वर्षे वर्षाला एक डॉलर मागत असे. २०१६ च्या जानेवारीत त्याने ते मागणे सोडले. त्याआधी, २०१४ मध्ये, फेसबुकने एकोणीस अब्ज डॉलरना ते घेण्याचे जाहीर केले होते. ज्यांनी डॉलर दिला होता, त्यांना मालक बदलताना कोणी विचारले नाही. तेव्हा किंमत किती, हा कसोटीचा दगड नव्हे.

कोणी म्हणेल, ‘मग कसोटी संमतीची. नियम पुढे ठेवले, माणसाने “मान्य” म्हटले, मिटले. स्वतःच्या गुपितांचे काय करायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न.’

येथेच मला ती म्हण आठवते. गप्पा एकट्याच्या नसतात. मी माझ्या मोबाइलवर एखादी जोड बसवितो आणि ‘मान्य’ म्हणतो, तेव्हा मी फक्त माझी वाक्ये तिच्या हवाली करीत नाही. माझ्या बहिणीने सासरहून लिहिलेले दोन शब्द, मित्राने मागितलेले उसने पैसे, शेजाऱ्याने विचारलेले डॉक्टरांचे नाव, हे सारेही मी त्याच क्षणी देऊन टाकतो. त्यांच्यापुढे नियमांचा कागद कोणी ठेवलेला नसतो. सोय माझी, आणि दान त्यांच्या मनाचे!

माझ्या लहानपणी आमच्या गावात एक म्हातारे मास्तर लोकांना पत्रे वाचून दाखवीत. मुंबईला गिरणीत गेलेल्या नवऱ्याचे पत्र आले, की बाया पदराआड ते घेऊन त्यांच्याकडे येत. मास्तर वाचीत, उत्तरही लिहून देत. मोबदला म्हणजे कधी चहा, कधी चार वांगी. गावातल्या निम्म्या घरांची दुःखे त्यांना तोंडपाठ होती. पण एका घरचे अक्षर दुसऱ्या घरी कधी गेले नाही. आजच्या भाषेत मास्तर म्हणजे दोघांच्या मध्ये बसलेली जोडच की! त्यांच्या सेवेची किंमत जवळजवळ शून्य होती, आणि तरी त्या व्यवहारात कोणी नागवला गेला नाही.

आता गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांचा मोबाइलवर एक गट आहे. एका मुलीने मावशीला लिहायचा मजकूर चुकून त्या गटात टाकला. घरातली आर्थिक ओढाताण, वडिलांचे सुटलेले काम, असा तो मजकूर होता. चूक लक्षात येताच मिनिटाच्या आत तिने तो सगळ्यांसाठी पुसून टाकला. ही पुसण्याची सोय व्हॉट्सअॅपने २०१७ मध्ये दिलेली आहे. पण एका मुलाच्या मोबाइलवर मूळ व्हॉट्सअॅपऐवजी बाहेर कोणी तरी फेरफार करून फुकट वाटलेली आवृत्ती होती. तिच्यात पुसलेले निरोप दिसत राहतात. आपण निरोप वाचला हे दुसऱ्याला कळत नाही. आपण केव्हा येतो-जातो हे लपविता येते आणि दुसऱ्याचे मात्र पाहता येते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत ती गोष्ट वर्गभर झाली होती. ती मुलगी चार दिवस शाळेत आली नाही.

मी त्या मुलाला बोलाविले. मुलगा वाईट नव्हता. तो म्हणाला, “सर, मी चोरी थोडीच केली? तिनेच पाठविले होते. माझ्या मोबाइलवर आले ते मी वाचले.” उत्तर बिनतोड वाटावे असे होते. खरेच, ऐकलेले विसरण्याची सक्ती कोणावर करता येईल? तो मजकूर त्या मिनिटात त्याने डोळ्यांनी वाचला असता, तर मी त्याला दोष दिला असता का?

वाचल्याबद्दल दिला नसता. वाटल्याबद्दल दिलाच असता. पण त्याहूनही एक गोष्ट मला खुपली, आणि ती मी त्याला विचारली : “पुसलेले तुला दिसते, हे तू वर्गात आधी कोणाला सांगितले होतेस का?” तो गप्प बसला. सांगितले असते तर त्या सोयीची सगळी गंमतच गेली असती. मुलीला वाटले, की आपण दार लावले. आणि याच्याकडे त्या दाराला भोक होते. मला दिसावे आणि मी दिसू नये, एवढ्यासाठीच ती सोय होती. आणि तिची किंमतही त्याने कोठे दिली होती? ज्या अनोळखी हातांनी तो फेरफार केला, त्यांच्या हवाली सगळ्या वर्गाचे बोलणे झाले होते. २०१६ पासून व्हॉट्सअॅपवरचे निरोप वाटेत कुलूपबंद असतात, हे खरे. पण कुलूप मोबाइलवर पोहोचल्यावर उघडतेच, आणि फेरफार केलेला प्रोग्रॅम तेथेच आत बसलेला असतो.

आता ‘ऑफ द रेकॉर्ड’कडे पुन्हा पाहा. गप्पांची वही ठेवणारी जोड एकाने बसविली की पुरते. पुसलेले दाखविणारी जोडही एकाने बसविली की पुरते. ‘ऑफ द रेकॉर्ड’ मात्र दोघांनी बसविल्याखेरीज चालत नसे. तिच्या रचनेतच दुसऱ्याला विचारणे आले. मला वाटते, कसोटी येथे सापडते. जी जोड मी मित्राला उघडपणे सांगू शकतो, ती फुकट असो की पंचवीस डॉलरची, निर्दोष आहे; आणि जी सांगताच निरुपयोगी होते, ती कितीही स्वस्त असली तरी तिची किंमत दुसराच कोणी तरी भरतो आहे.

यासाठी कायदा करावा, असे काही जण सुचवितील. कायदे आहेत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. पण त्या कायद्यात एक वाक्य आहे, ते विचार करण्यासारखे आहे : एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागू नाही. हे योग्यच आहे. सरकारने भावा-बहिणींच्या गप्पांत फौजदार बसवावा, असे कोणाला वाटेल? पण याचा अर्थ असा, की कायदा आपल्या उंबरठ्याशी येऊन थांबतो. आतली जबाबदारी आपली.

ती मुलगी पाचव्या दिवशी वर्गात आली. त्या मुलाने आपणहून ती आवृत्ती काढून टाकली, एवढेच मला ठाऊक आहे. दोघांचे काय बोलणे झाले, ते मी विचारले नाही. ते बोलणे त्यांचे.

यंदाच्या दिवाळीतही मोबाइल शुभेच्छांनी भरून जातील. चित्रे येतील, दिवे लुकलुकतील, आणि त्यांच्याबरोबर कोणी तरी एखादी नवी फुकट सोयही धाडील. ती जरूर पाहावी; नव्याची हौस काही गुन्हा नव्हे. फक्त ‘मान्य’ म्हणण्यापूर्वी क्षणभर आठवावे, की या मोबाइलमध्ये किती जणांचे बोलणे आपल्या भरवशावर विसावलेले आहे. तुळशीपत्र हाती असेल तर ते आपल्या वाटणीच्या पेढ्यावर ठेवावे. हलवायाचे घर हलवायाचेच राहू द्यावे.