पंचेचाळीस मिलिमीटर

माझ्याकडे रेल्वेचं एक इंजिन आहे, पण रूळ नाहीत. न्यूरेंबर्गमध्ये मी तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो आणि बाल्कनीत खुर्ची ठेवली की कुंडीलाही जागा उरत नाही. इंजिन वीतभराहून थोडं लांब, हातात घेतलं की चांगलं जड. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून ते मी रविवारी कुणाच्या ना कुणाच्या बागेत घेऊन जातो.

मॉडेल रेल्वे म्हटलं की पुणेकरांना कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आठवतं. तिथल्या गाड्या छोट्या, छपराखाली धावणाऱ्या. मी म्हणतोय त्या गाड्या बऱ्याच मोठ्या असतात आणि उघड्यावर, मातीत, पावसात चालतात. रुळांवर पानं पडतात, गोगलगाई येतात, हिवाळ्यात बर्फ साचतो. दोन रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर. मी ज्या बागांत जातो त्यातल्या एकीत हे रूळ माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत. तिथल्या आजोबांनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट विचारली, कॉफी की बिअर. इंजिन कुठल्या कंपनीचं, कुठल्या सालचं, हे कुणी विचारलं नाही. ते रुळांवर ठेवलं आणि चाललं.

ते चाललं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी सॉफ्टवेअरवाला आहे. दहा वर्षांपूर्वीचं काहीही आमच्याकडे असं ‘ठेवलं आणि चाललं’ होत नाही.

या ४५ मिलिमीटरची गोष्ट जुनी आहे. मेर्कलिन या जर्मन खेळणी कंपनीनं १८९१ साली लायपझिगच्या जत्रेत रुळांच्या रुंदींना क्रमांक दिले. त्यातला एक नंबर म्हणजे हे रूळ. पुढे घरं लहान झाली, गाड्याही लहान झाल्या, आणि एक नंबर जवळपास विस्मरणात गेला. लेहमान नावाची दुसरी एक खेळण्यांची कंपनी होती, १८८१ पासूनची, ब्रांडेनबुर्गची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथला कारखाना सरकारजमा झाला आणि घराण्यानं न्यूरेंबर्गला येऊन पुन्हा सुरुवात केली. या कंपनीनं १९६८ साली बागेत चालणारी मोठी गाडी बाजारात आणली, एलजीबी या नावानं. त्यांना नवीन रुंदी ठरवता आली असती. त्यांनी जुनी ४५ घेतली. पुढे २००६ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, मेर्कलिननं ती विकत घेतली, मग मेर्कलिनही २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्यातून बाहेर आली. एवढ्या मालकांच्या हातून जाऊनही रुळांची रुंदी तीच राहिली.

आता यातली खोट सांगतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

एलजीबीचं प्रमाण १:२२.५. म्हणजे ४५ मिलिमीटरचे रूळ खऱ्या जगात साधारण एक मीटरचे. मीटरगेज गाडीसाठी हे चोख बसतं. पण त्यांचं पहिलं आणि सर्वांत लाडकं इंजिन आहे ‘श्टाइन्त्स’, ऑस्ट्रियातल्या एका छोट्या रेल्वेवरच्या १८९२ सालच्या इंजिनाची नक्कल. ती रेल्वे ७६० मिलिमीटरची. त्या प्रमाणात रूळ ३४ मिलिमीटरच्या आसपास हवे होते. म्हणजे खऱ्या हिशेबात श्टाइन्त्सची चाकं पाव मीटरनं फाकलेली आहेत. या सगळ्या छंदाची सुरुवातच एका चुकीच्या मापानं झाली म्हणा ना. अमेरिकेत तर आणखी मजा. त्यांच्या मोठ्या गाड्या १,४३५ मिलिमीटरच्या रुळांवर धावतात, ४५ वर त्यांचं खरं प्रमाण १:३२ यायला हवं. पण तसं केलं की ती एलजीबीच्या शेजारी किरकोळ दिसतात. म्हणून काही कंपन्यांनी १:२९ घेतलं. इंजिन फुगलं, रूळ तेच राहिले.

यावरून या छंदात भांडणं होतात, आणि ती चेष्टेवारी नेण्यासारखी नाहीत. मापाला चिकटणारे लोक म्हणतात, नक्कल करायची तर मूळ वस्तूशी प्रामाणिक राहा. लिंझच्या कारखान्यात ते इंजिन ज्यांनी बनवलं त्यांनी चाकांमधलं अंतर काहीतरी विचार करून ठेवलं होतं. डोंगरातलं वळण, पुलाचा खर्च, सगळं त्या ७६० मध्ये आहे. तो आकडा बदलला की राहतो तो फक्त चेहरा. मला हे पटतं. असे लोक स्वतः रूळ बनवतात, एकेक स्लीपर कापतात, आणि त्यांचं काम बघताना मी गप्प होतो.

पण त्यांच्या रुळांवर माझं इंजिन चालत नाही. आणि त्यांचं इंजिन दुसऱ्या कुणाच्याच बागेत चालत नाही.

तर प्रश्न असा: नक्कल प्रामाणिक असावी ती कुणाशी? जिची नक्कल केली त्या वस्तूशी, की ज्या माणसांसोबत ती चालवायची त्यांच्याशी? आपल्याला वाटतं, प्रामाणिकपणा ही एकच गोष्ट आहे आणि ती कमी किंवा जास्त असते. इथे दोन प्रामाणिकपणे समोरासमोर उभे राहतात आणि एकाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. श्टाइन्त्सची चाकं खोटी आहेत म्हणूनच १९६८ सालचं इंजिन आणि गेल्या महिन्यात खोक्यातून निघालेलं इंजिन एकाच रुळावर चालतात.

किंमत कोण मोजतो, हेही बघायला हवं. एलजीबीचं सगळ्यात छोटं वळण ६० सेंटिमीटर त्रिज्येचं. त्यांच्या बहुतेक गाड्या या वळणावरून जातील अशाच बनवलेल्या. त्यामुळे लांब डबे आखूड करावे लागतात, मोठ्या इंजिनांच्या सांगाड्यात सांधे घालावे लागतात. ज्याच्याकडे प्रशस्त बाग आहे त्यालाही आखूड डबा मिळतो, कारण कुठेतरी कुणाकडे चटईएवढीच जागा आहे. मोठ्या बागवाल्यांची यावर कुरकुर असते. मला ती समजते, पण मी चटईवाल्यांच्या बाजूचा आहे. माझ्याकडे तर चटईही नाही.

जुनं इंजिन अपग्रेड करायला घेतलं की हा प्रश्न हातात येतो. जुन्या इंजिनात मोटर चाकांमधून थेट वीज घेते. रुळांत जास्त व्होल्ट सोडले की जोरात, उलटे सोडले की मागे. एकाच रुळावर दोन इंजिनं असली तर दोन्ही एकदम हलतात. डिजिटलमध्ये रुळांत वीज कायम असते आणि तिच्यातच हुकूम मिसळलेले असतात. इंजिनाच्या पोटातला डीकोडर आपल्या नंबरचा हुकूम ओळखून मोटर फिरवतो. (नव्या डीकोडरचा नंबर कारखान्यातून ३ असतो. दोन नवखे भेटले की दोघांची इंजिनं एकाच बटणावर पळतात.) हे बसवायचं तर मोटरच्या दोन्ही तारा चाकांपासून सोडवायच्या, मध्ये डीकोडर घालायचा, कुठेतरी स्पीकर कोंबायचा. मग प्लॅस्टिकची चाकं काढून डब्यांना धातूची चाकं. थीसिअसच्या जहाजाचा प्रश्न इथे कुणीतरी हमखास काढतं, की सगळं बदलल्यावर इंजिन तेच राहतं का. मला तो जरा फावल्या वेळचा प्रश्न वाटतो. बदललेलं इंजिन जुन्या रुळांवर चालतं का, हे मला आधी बघावंसं वाटतं.

डीकोडरमध्ये सेटिंगचे क्रमांक असतात, त्यांना सीव्ही म्हणतात. सीव्ही ३ म्हणजे वेग किती सावकाश वाढावा, सीव्ही ४ म्हणजे किती सावकाश उतरावा. सीव्ही २९ मध्ये एकेक बिट म्हणजे एकेका प्रश्नाला हो किंवा नाही. त्यातला ४ किमतीचा बिट विचारतो: रुळांवर हुकूम नाहीत, नुसती जुन्या पद्धतीची वीज आहे, तरी चालायचं का?

बरेच जाणकार सांगतात, नाही म्हणा. कारण रुळांवरच्या घाणीमुळे हुकूम तुटले तर डीकोडरला वाटतं की आपण जुन्या रुळांवर आलो, आणि इंजिन पूर्ण वेगात सुटतं. हा धोका खरा आहे. मी तो बिट चालू ठेवतो, कारण आजोबांच्या बागेत अजून जुनीच वीज आहे. पण डिजिटल बागेत पळालेलं इंजिन यजमानाच्या डब्यांवर जाऊन आदळेल, माझ्या नाही. म्हणून तिथे जाताना आधी विचारतो आणि बिट बंद करतो. दोन मिनिटांचं काम.

मिरजेला बाबांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांचा फोन सहा वर्षांचा, काच शाबूत, बॅटरी दिवसभर टिकते. या वर्षी त्यांच्या बँकेच्या ॲपनं सांगितलं की हा फोन आता चालणार नाही. बाबा म्हणाले, “अरे, चालतोय की फोन.” आता ते आठवड्यातून एकदा शाखेत जाऊन रांगेत उभे राहतात. बँकेचं कारण मला ठाऊक आहे. जुन्या सिस्टीमला सुरक्षेचे पॅच मिळत नाहीत, पैशांचा मामला आहे, सुटलेलं इंजिन दुसऱ्याच्या डब्यांवर आदळतं. त्या बँकेत मी असतो तर तोच सल्ला दिला असता. माझ्या कामातही हे ठरवावं लागतं. स्क्रीनवर एक आलेख असतो, जुन्या व्हर्जनवर किती टक्के लोक उरले त्याचा. रेघ एका पातळीखाली गेली की तारीख ठरते. मीटिंग वीस मिनिटांत संपते.

म्हणजे कारण दोन्हीकडे तेच. फरक मला एवढाच दिसतो की बागेत मी कुणाच्या रुळांवर उभा आहे ते मला दिसतं आणि मी कोण ते त्यांना. आलेखात बाबा एका टक्क्याच्या कुठल्या तरी भागात असतात. ‘हा फोन चालणार नाही’ असं म्हणणाऱ्यानं ‘मग तुमचं काय होईल?’ हेही विचारायला हवं, आणि उत्तर ऐकून काहीतरी द्यायला हवं. साधा एसएमएसवर चालणारा मार्ग, काउंटरवर एक माणूस, काहीतरी. सगळ्यांचे आखूड डबे बनवा असं मी म्हणत नाही. पण लांब डबा काढला त्या दिवशी छोट्या वळणवाल्याला कळवलं का, एवढं तरी विचारू.

या हिवाळ्यात मला माथेरानचं इंजिन बनवायचं आहे. १९०७ साली नेरळहून डोंगरावर चढलेली ही गाडी ६१० मिलिमीटरची, आणि तिची पहिली इंजिनं जर्मनीतच, ओरेन्स्टाइन अँड कोपेलकडे बनलेली. ४५ च्या रुळांवर तिचं खरं प्रमाण १:१३.५ च्या आसपास येतं. एवढं इंजिन माझ्या पिशवीत मावणार नाही. ब्रिटिश छंदवाल्यांचं १:१९ चं प्रमाण आहे, त्यात ३२ मिलिमीटरचे रूळ अगदी बरोबर बसतात. आणि त्यांच्याकडे काही इंजिनं अशी मिळतात की ॲलन की घेऊन चाकं आसावर सरकवली की ३२ ची ४५ होतात. ४५ वर ठेवलं की नेरळची राणी पाव मीटर पाय फाकून उभी राहणार. दिसायला वाईट. ३२ चे रूळ असलेली बाग शहराच्या दुसऱ्या टोकाला एक आहे म्हणतात. तिथे ती नीट उभी राहील. बाकीचे रविवार आजोबांकडे. आस कापायला दिला आहे, दोन्ही खुणा करून.